पायातलं रक्त वर कोण चढवतं, आणि शीर बंद केली तर ते कुठून जाईल?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं. आई ५२ वर्षांच्या आहेत, पोळी-भाजी केंद्र चालवतात आणि रोजचे आठ-नऊ तास ओट्यापाशी उभ्या असतात. संध्याकाळी दोन्ही पाय जड होतात, डावा घोटा जास्त सुजतो, पोटरीवर वेड्यावाकड्या शिरा फुगून वर आल्या आहेत. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत डाव्या जांघेपासून खाली येणारी मोठी शीर 'लीक' निघाली आणि डॉक्टरांनी ती लेझरनं बंद करायला सांगितली. शेजारच्यांचं म्हणणं, हृदय कमजोर झालं म्हणून रक्त वर चढत नाही. तुमचं म्हणणं, हृदय रक्त खाली ढकलतं हे कळलं, पण पायातून वर ते कोण चढवतं? आणि आधीच रक्त वर जात नसेल तर आणखी एक शीर बंद करून बरं कसं वाटणार?

शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. त्यासाठी आधी एक समज बाजूला ठेवावा लागेल. आईंच्या पायातलं रक्त वर जात नाही, असं नाही. ते जातंच, गेलं नसतं तर पाय काही तासांत काळानिळा पडला असता. बिघडलंय ते वेगळंच: चालताना पायाच्या शिरांतला दाब जेवढा उतरायला हवा तेवढा उतरत नाही. सूज, जडपणा, खाज, पुढे होणारी जखम, सगळं या न उतरलेल्या दाबातून येतं. लेझर करायचं तेही दाब उतरावा म्हणून.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी किंवा धमनी, हृदयाकडे आणणारी ती नीला किंवा शीर. बोलताना मात्र आपण 'शीर' आणि 'नस' कशालाही म्हणतो. कमरेत 'नस दबली' म्हणतो तेव्हा ती मज्जातंतू असते, आणि रात्री झोपेत पोटरीत 'शिरेवर शीर चढते' तेव्हा शिरेवर काहीच चढलेलं नसतं, पोटरीचा स्नायू आखडलेला असतो. इथे शीर म्हणजे फक्त नीला.

आता रक्त वर कसं जातं ते. गवंडी पातळी काढताना पारदर्शक नळीत पाणी भरतो, ते आठवा. नळीचं एक टोक या खांबाला, दुसरं त्या खांबाला, मधला भाग जमिनीवर लोळतो. तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. आता एका टोकात वाटीभर पाणी ओतलं की दुसऱ्या टोकाची पातळीही वर येते. जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत ते पाणी कोणी उचललं? कुणीच नाही. एका बाजूनं उतरणाऱ्या पाण्याचं वजन दुसऱ्या बाजूनं चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. रोहिणी आणि शीर अशाच एका नळीच्या दोन बाजू आहेत. म्हणून हृदयाला रक्त फिरवण्यासाठी लागणारा जोर फक्त वाटेतल्या घर्षणावर मात करण्यापुरता असतो.

आकड्यांत पाहू. आडवं झोपलं असताना मोठ्या रोहिणीतला सरासरी दाब ९५ मिलिमीटर पारा धरा. रक्त बारीक धमनिकांमधून जातं तिथे यातला बराच दाब खर्च होतो. केशवाहिन्या संपून शिरा सुरू होतात तिथे १० ते १५ उरतो, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात ० ते ५. हा फरक लहान दिसतो, पण शिरा रुंद असतात, अडथळा कमी, म्हणून तो पुरतो. म्हणजे रक्त परत आणणारं मुख्य बळ हृदयाचंच आहे, केशवाहिन्या ओलांडून उरलेलं.

आता उभे राहा. हृदयापासून पावलापर्यंत साधारण १२०० मिलिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ तयार झाला. पारा रक्तापेक्षा जवळजवळ १३ पट जड, म्हणून १२०० भागिले १३, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर पारा एवढा दाब पावलाच्या शिरेत वाढला. तेवढाच तो पावलाच्या रोहिणीतही वाढला, तिथे ९५ चा १८५ झाला. दोघांतला फरक होता तेवढाच राहिला, म्हणून प्रवाह चालूच.

मग अडचण कुठे? गवंड्याची नळी कडक असते. तिचा जमिनीवरचा भाग फुग्याच्या रबराचा असता तर पाण्याच्या वजनानं तिथेच फुगला असता. शिरा अशाच आहेत. त्यांची भिंत पातळ, स्नायूचा थर बेताचा. तेवढ्याच दाबाला शीर रोहिणीच्या २०-३० पट जास्त रक्त सामावून घेते. शरीरातलं साधारण दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांच्या बाजूलाच असतं. माणूस झोपेतून उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त छातीतून खाली सरकतं आणि पोट-पायांच्या शिरांत भरतं. दुसरा परिणाम त्याहून महत्त्वाचा. शिरेत ९० दाब असेल तर तिच्या मागच्या केशवाहिनीत तो त्याहून जास्तच असणार. एवढ्या दाबानं रक्तातलं पाणी केशवाहिनीच्या भिंतीतून झिरपून बाहेर पडतं. थोडंफार असेल तर लसवाहिन्या, म्हणजे झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या, ते उचलून नेतात. त्यांना झेपेनासं झालं की संध्याकाळी घोट्याला सूज दिसते.

निरोगी माणूसही दिवसभर उभा असतोच, मग सगळ्यांचेच पाय का सुजत नाहीत? तर झडपा आणि पोटरीमुळे.

शिरेच्या आत थोड्याथोड्या अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. पाकळ्यांची तोंडं हृदयाच्या दिशेला, त्यामुळे वर जाणारं रक्त त्यांना भिंतीला चिकटवून निघून जातं, आणि परत फिरू लागलं की पाकळ्यांच्या खिशात भरून त्या बंद होतात. पोटरीच्या शिरांत त्या दाट असतात, मांडीत विरळ होतात, आणि पोटातल्या सर्वांत मोठ्या शिरेत तर झडपच नसते. इटलीतल्या पादुआचे शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचं वर्णन छापलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांचा विद्यार्थी, इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यानं १६२८ मध्ये दाखवून दिलं. त्यानं दाखवलेला प्रयोग घरी करता येतो. दंडाला रुमाल हलका आवळून हात खाली सोडा. पुढच्या हातावर शिरा फुगतील आणि मधेमधे गाठी दिसतील, त्या झडपा. मनगटाकडच्या बाजूला एका शिरेवर बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे शीर निपटत पुढच्या गाठीच्या पलीकडे न्या आणि ते बोट उचला. गाठीच्या वर शीर भरलेली आणि गाठीपासून पहिल्या बोटापर्यंत रिकामी राहते. आता पहिलं बोट उचला, शीर लगेच खालून भरते. रुमाल एक-दोन मिनिटांत सोडा.

पायात शिरांच्या दोन पातळ्या असतात. खोलातल्या शिरा स्नायूंच्या मधून जातात आणि पायाचं सुमारे ९० टक्के रक्त त्याच नेतात. वरच्या शिरा कातडीखाली चरबीत असतात. घोट्याच्या आतल्या बाजूनं जांघेपर्यंत जाणारी मोठी शीर ही त्यातली मुख्य, आईंची बिघडलेली बहुधा तीच. या दोन पातळ्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा असतात आणि त्यांच्या झडपा रक्त फक्त बाहेरून आत, म्हणजे वरच्या शिरेतून खोल शिरेत जाऊ देतात.

आता पाऊल टाका. पोटरीचा स्नायू आवळतो, त्याच्या मधल्या रक्तानं भरलेल्या पोकळ शिरा पिळल्या जातात. खालच्या झडपा मिटतात, वरच्या उघडतात, पोटरीत साठलेल्या रक्तापैकी निम्म्याहून जास्त एका दमात वर जातं. मग स्नायू सैल पडतो. वर गेलेलं रक्त परत येऊ पाहतं, पण वरची झडप मिटलेली. खोल शीर रिकामी, तिच्यातला दाब पडलेला, म्हणून कातडीखालच्या शिरांतलं रक्त जोडशिरांतून आत ओढलं जातं. आठ-दहा पावलांत पावलाच्या शिरेतला दाब ९० वरून २०-३० वर येतो.

एवढा का उतरतो, तर मघाचा १२०० मिलिमीटरचा सलग स्तंभ आता सलग राहिलेला नाही. मिटलेल्या झडपांनी त्याचे तुकडे केले आहेत. पावलाच्या शिरेवर आता वरच्या अख्ख्या रक्ताचं वजन नाही, फक्त पुढच्या मिटलेल्या झडपेपर्यंतच्या तुकड्याचं आहे. चालणं थांबवलं की रोहिणीतून येणारं रक्त शिरा हळूहळू भरत जातं, झडपा एकामागून एक उघडतात, स्तंभ पुन्हा सांधला जातो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास दाब पुन्हा ९० होतो. ओट्यापाशी स्थिर उभं राहणाऱ्याच्या पायात दिवसभर हा सांधलेला स्तंभच असतो, झडपा उत्तम असल्या तरी.

पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात. धावताना ते खरंच आहे, कारण तेव्हा पोटरी-मांडीचे स्नायू हृदयाकडे रक्ताचा मोठा लोट पाठवतात. पण तुमच्या प्रश्नासाठी हे नाव जरा दिशाभूल करतं. त्यातून पुन्हा वाटतं की रक्त वर चढवणं हेच पोटरीचं काम. रोजच्या जगण्यात तिचं मोलाचं काम स्तंभ तोडून पावलावरचा भार हलका करण्याचं आहे.

श्वासाचाही हात आहे. श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो. पोटातलं रक्त छातीत खेचलं जातं. श्वास सोडताना पोट सैल होतं आणि पायांचं रक्त पोटात सरकतं. याची उलट बाजू अशी की पोटात दाब सतत वाढलेला असेल तर पायांचं रक्त अडतं. कुंथणं, जुनाट खोकला, पोटावरची चरबी, गरोदरपण, सगळ्यांत हेच घडतं. गरोदरपणात त्यावर संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात, म्हणून कितीतरी बायकांना फुगलेल्या शिरा पहिल्यांदा तेव्हाच दिसतात.

उष्णतेनं कातडीखालच्या शिरा सैलावतात. आईंना मे महिन्यात, शेगडीसमोर, जास्त त्रास होत असेल तर कारण हे आहे. झेंडावंदनाला उन्हात ताठ उभं असलेलं मूल भोवळ येऊन पडतं तेही यामुळेच: शिरा सैल, पोटरी स्थिर, रक्त खाली साठलेलं, हृदयाकडे परतणारं कमी पडलं. अशा मुलाला उचलून बसवू नका, आडवं ठेवा आणि पाय वर धरा.

आता बिघाड. शिरेची भिंत सैल पडून रुंदावली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत. कधी पाकळ्याच खराब होतात, खोल शिरेत पूर्वी गुठळी होऊन गेली असेल तर विशेषकरून. घराण्यात असणं हे मोठं कारण. वय, बाळंतपणं, वजन, उभ्याचं काम ही त्यावर भर. एक झडप गळू लागली की खालच्या झडपेवर जास्त उंचीचा स्तंभ येतो, तीही रुंदावते, असं खालीखाली जात राहतं. डॉपलरमध्ये डॉक्टर रुग्णाला उभं करून पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. वरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वाहिलं तर गळती धरतात. तपासणी आडवं झोपवूनच झाली असेल तर ती उभ्यानं पुन्हा करून घ्यायला सांगा. झोपलेल्या माणसात खरी गळती निसटू शकते.

आईंच्या पायात काय होतंय ते आता दिसेल. पोटरी रक्त खोल शिरेतून वर ढकलते. जांघेत वरची मोठी शीर खोल शिरेला मिळते त्या तोंडाची झडप गळकी. वर आलेल्या रक्तातलं काही तिथून गळक्या शिरेत घुसतं, मांडीवरून खाली घसरतं, पोटरीतल्या जोडशिरेतून पुन्हा आत शिरतं, आणि पोटरी तेच रक्त पुन्हा वर ढकलते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस हे चक्र ओळखलं. भोक पडलेल्या घागरीनं पाणी भरत राहावं तसं. आई चालल्या तरी स्तंभ तुटत नाही, पावलातला दाब हवा तेवढा उतरत नाही, थांबल्या की काही सेकंदांत पुन्हा पूर्ण चढतो.

अशा दाबाखाली वर्षं गेली की केशवाहिन्यांतून पाण्याबरोबर तांबड्या पेशीही निसटतात. त्यांच्यातलं लोह कातडीत साठून घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी काळपट डाग येतो. मग खाज, कोरडे किंवा ओले चट्टे, कातडी चामड्यासारखी टणक, आणि शेवटी न भरणारी जखम, बहुतेकदा घोट्याच्या हाडाच्या थोडं वर आतल्या बाजूलाच. नुसत्या फुगलेल्या शिरा दिसायला वाईट असतात, पण मला काळजी वाटते ती डागाची. तपकिरी डाग दिसू लागला असेल तर उपचार लांबवू नका.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पायावरची प्रत्येक सूज शिरांची नसते, आणि आईंचे दोन्ही पाय सुजतात म्हणून हे तपासायलाच हवं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू आहे का? ती गोळी धमनिका सैल करते, शिरा तेवढ्या नाही. त्यामुळे केशवाहिन्यांवर जास्त दाब पोचतो आणि दोन्ही घोटे सुजतात. डॉक्टर गोळी बदलतात किंवा डोस कमी करतात; स्वतःहून बंद करू नका. शेजाऱ्यांची हृदयाबद्दलची शंका अगदीच निराधार नाही. हृदयाची उजवी बाजू थकली की तिथला दाब वाढतो आणि शिरांमध्ये मागे साचतो. पण मग सोबत चालताना दम लागतो, आडवं झोपल्यावर श्वास कोंडतो, डोकं-खांदे उंच करून टेकवलं तरी मानेची शीर ठसठशीत फुगलेली दिसते. असं काही असेल तर इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करावी. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि फेसाळ लघवी असेल तर मूत्रपिंड पाहावं. एकदा लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि थायरॉइड करून घेतलेलं बरं.

पूर्व विदर्भातले असाल तर हत्तीरोगाचाही विचार हवा. त्यात बिघाड लसवाहिन्यांचा. सूज पावलाच्या वरच्या भागावर आणि बोटांवरही येते, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता येत नाही. शिरांच्या सुजेत बोटं सहसा वाचतात.

आणि ज्याला थांबायला वेळ नाही ते कारण म्हणजे खोल शिरेतली गुठळी. एकच पाय अचानक, एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखरी आणि गरम झाली, त्याआधी ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, खाटेला खिळणं किंवा मुलांकडे परदेशी जाताना झालेला १५-१६ तासांचा विमानप्रवास असेल, तर त्याच दिवशी डॉपलर करा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर संशय बळावतो, मात्र फरक नसला म्हणून गुठळी नाही असं ठरत नाही. असा पाय चोळू नका. सोबत धाप, छातीत दुखणं किंवा थुंकीतून रक्त आलं तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

हे सगळं पाहून झालं आणि उरला तो शिरांचा त्रास, तर घरी करायच्या गोष्टी मघाच्या तर्कातूनच निघतात. दाब उतरवायचे मार्ग तीन: स्तंभाची उंची कमी करणं, तो तोडणं, किंवा बाहेरून आधार देणं.

उंची कमी करायची तर पाय हृदयाच्या वर हवेत. खुर्चीत बसून पाय पाटावर ठेवले की अर्धंच काम होतं. नुसतं बसल्यावरही घोट्याच्या शिरेत ५०-६० दाब असतो. आडवं पडून घोटे छातीपेक्षा वर येतील अशा दोन-तीन उशा किंवा लोड पायाखाली, १५-२० मिनिटं, दिवसातून तीनदा. आईंना दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर एकदा तरी जमेल. रात्री पलंगाच्या पायाकडच्या बाजूला दोन विटा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर. हृदयाचा आजार असेल तर हे विचारून करा, कारण खाली साठलेलं रक्त एकदम छातीत परतल्यानं दम वाढू शकतो.

स्तंभ तोडायचा तर पोटरी हलली पाहिजे. पोळी तव्यावर आहे तेवढ्यात दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि खाली यायचं, असं १०-१५ वेळा. दर अर्ध्या तासानं एवढं केलं तरी पुष्कळ. दाब अर्ध्या मिनिटात परत चढतो म्हणून एकदाच १०० वेळा करण्यापेक्षा थोडं थोडं सारखं करणं जास्त उपयोगी. पोळ्या लाटण्याचं काम बसून होत असेल तर बसा, पण पावलं हलवत राहा. घोटा आखडलेला असेल, वर-खाली पूर्ण जात नसेल, तर पोटरीचा पंप अर्धाच चालतो. आधी तो मोकळा करावा लागतो.

बाहेरून आधार म्हणजे दाबाचे मोजे. घोट्यापाशी दाब सर्वांत जास्त, वर कमी होत जाणारा. आईंसारख्या पायाला साधारणपणे २०-३० मिलिमीटर पाऱ्याचे, गुडघ्याखालचे मोजे पुरतात. देशोदेशी 'क्लास'चे आकडे वेगळे असतात, म्हणून खोक्यावर दाबाचा आकडा पाहून घ्या. माप सकाळी, सूज नसताना: घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत उंची. मोजा अंथरुणातून उठण्याआधी, शिरा रिकाम्या असताना चढवायचा. टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत घालायचं आणि रबरी हातमोजे घालून वर सारत न्यायचं. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की तिथे दुप्पट दाबाची दावण होते आणि खालचा पाय अधिक सुजतो. रात्री काढून ठेवायचा. चार-सहा महिन्यांत त्याचा ताण जातो, मग तो नुसता मोजा उरतो. उन्हाळ्यात दिवसभर सहन होत नसेल तर गर्दीच्या चार-पाच तासांपुरता घाला, अजिबात न घालण्यापेक्षा ते बरं.

घरी क्रेप बँडेज बांधत असाल तर बहुतेक घरांत होणारी चूक म्हणजे पाऊल मोकळं सोडून पोटरीवरच आवळणं. सुरुवात बोटांच्या मुळापासून, टाच झाकून, वर जाताना ताण कमी करत.

मोजे घेण्यापूर्वी पायाच्या रोहिण्या ठीक आहेत ना हे डॉक्टरांकडून पाहून घ्यायलाच हवं. मधुमेह असेल, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, थोडं चाललं की पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर आधी घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९च्या खाली असेल तर रोहिणी अरुंद झाल्याची शक्यता असते, ०.५च्या आसपास असेल तर घट्ट मोजा पाय गमावण्याचं कारण होऊ शकतो.

सुजेसाठी 'पाण्याची गोळी' घेऊ नका. आईंच्या शरीरात पाणी जास्त झालेलं नाही, ते दाबानं चुकीच्या जागी गेलं आहे. गोळीनं सोडियम आणि रक्तदाब खाली येतो, घोटा तसाच राहतो. फुगलेली शीर कधी फुटली तर रक्त घाबरवण्याइतकं वाहतं. लगेच आडवं झोपवा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडानं नेमक्या जागी १०-१५ मिनिटं दाबा. वर मांडीला दोरी बांधू नका. हलक्या आवळण्यानं रक्ताची परतीची वाट बंद होऊन रक्तस्राव वाढतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार? जिथून आत्ताही जातं तिथूनच, खोलातल्या शिरांतून. बंद करायची ती शीर रक्त वर नेण्याच्या कामाची राहिलेलीच नाही, ती ते खाली आणते आहे. घागरीचं भोक बुजवलं की पोटरीनं वर ढकललेलं रक्त वरच राहील. हृदयाच्या बायपासमध्ये हीच शीर अनेकदा अख्खी काढून वापरतात, आणि तिथे ती उलटी करून जोडतात, कारण सरळ जोडली तर तिच्या झडपा रोहिणीचा प्रवाह अडवतील. तिच्यावाचून पायाचं अडत नाही.

मात्र यात एक अट आहे: खोल शिरा मोकळ्या असल्या पाहिजेत. त्या पूर्वीच्या गुठळीनं बुजल्या असतील तर वरची शीर हीच पर्यायी वाट असू शकते आणि ती बंद करणं नुकसानीचं ठरेल. म्हणून डॉपलरच्या अहवालात खोल शिरांबद्दल काय लिहिलं आहे ते डॉक्टरांना नेमकं विचारा. गळती कुठून कुठपर्यंत आहे आणि जांघेतल्या तोंडाशी शिरेची रुंदी किती, हेही विचारा. आईंना पुढे बायपास लागण्याची चिन्हं असतील तर ते आधीच सांगा.

लेझर जागा बधिर करून होतं. गुडघ्याच्या आसपास सुईच्या भोकातून तार आत घालतात, टोक जांघेतल्या तोंडापासून साधारण २ सेंटिमीटर अलीकडे थांबवतात, भोवती बधिर करणारं पाणी भरतात म्हणजे कातडी आणि मज्जातंतू भाजत नाहीत, मग आतून उष्णता देत तार मागे ओढतात. रुग्ण त्याच दिवशी चालतो, आणि चालायलाच हवं. मांडीच्या आत काही दिवस दोरी ओढल्यासारखं वाटतं. गुडघ्याखाली कधी कातडी बधिर राहते. क्वचित गुठळी खोल शिरेच्या तोंडापर्यंत सरकते, म्हणून आठवड्याभरात पुन्हा डॉपलर करतात. पोटरीवरच्या वेड्यावाकड्या शिरा लेझरनंतर काही आपोआप ओसरतात, उरलेल्या बारीक छेदांतून काढतात किंवा फेसाच्या इंजेक्शननं बंद करतात.

दुसऱ्या पायाच्या झडपा अजून ठीक असतील तर त्याला हात लावायचं कारण नाही. आणि ज्या पायाचं लेझर होईल त्यातही, आई पुन्हा आठ तास स्थिर उभ्या राहू लागल्या की नवा स्तंभ रोज सांधला जाईल. बंद केलेली शीर परत त्रास देणार नाही, पण शेजारची एखादी देऊ शकते. म्हणून लेझर झाल्यावरही टाचा उचलणं सोडू नये, आणि उभ्याच्या कामाच्या वेळी निदान पहिले काही महिने मोजे घालावेत.